दुसऱ्याच्या पुरात

कालीसिंधचं पाणी त्या वर्षी पुन्हा चढलं.

नदीत नव्हे. नदी सोनकच्छच्या पुलाखालून नोव्हेंबरातल्या सवयीप्रमाणे गुडघाभरच वाहत होती. पाणी चढलं ते थोरातांच्या घरात. ज्यांचा स्मरणदिन एक वर्ष देवासला आणि एक वर्ष धारला होतो, ते गोपाळराव थोरात तरुणपणी बैलगाडीसकट त्या नदीत वाहून गेले, जांभळाच्या फांदीला लटकले, वाचले आणि वाचल्यावर ख्रिस्ती झाले, एवढी मूळ हकीकत. त्यांच्या स्वतःच्या तोंडी पाणी छातीपर्यंत होतं आणि लटकणं दोन तासांचं. त्यांचे चिरंजीव शरच्चंद्र, म्हणजे नाना, कीर्तनाला उभे राहू लागले तेव्हा पाणी गळ्याशी आलं आणि रात्र उलटली. नानांच्या थोरल्या मुलाने, धारच्या अजेयने, मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, हीरकमहोत्सवी अंकात लेख लिहिला त्यात तीन दिवस आणि तीन रात्री झाल्या, कारण बायबलातल्या योनाला माशाच्या पोटात तेवढ्या लागल्या होत्या. आणि या शनिवारी सकाळी, देवासच्या घरी, पोह्यांची बशी हातात घेऊन अजेयचा मुलगा पीयूष सांगत होता की बैलही वाचले.

"दोन्ही?" वल्लरीने विचारलं. ती त्याची चुलतबहीण, नानांच्या धाकट्या मुलाची, कै. तरुणची, लेक.

"दोन्ही, दीदी. सच में. पापांनी सांगितलंय."

"मग बैलांचा बाप्तिस्मा कुणी केला?"

पीयूषने थोडा विचार केला आणि शेव वाढून घेतली.

घराणंही असंच चढत आलं होतं. गोपाळरावांचे वडील देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या पागेवर दाणावैरणीचे कारकून. पुढच्या पिढीत ते पागेचे अधिकारी झाले आणि अजेयच्या लेखात सरदार. ख्रिस्तात सगळे समान, हे अजेय मंडळीत दर महिन्याला सांगे. घरी आल्यावर पीयूषसाठी मुलगी मात्र 'आपल्यातली' शोधे, म्हणजे ख्रिस्ती हवी, मराठा हवी, आणि मराठ्यांतही वरच्या घरची हवी. माळव्यात अशा मुली एकूण किती, हे त्याला आता देवच दाखवणार होता.

अजेयने पोहे संपवले, बोटांवरचा जिलेबीचा पाक निपटला आणि निळी प्लास्टिकची फाइल मांडीवर घेतली. ही फाइल निघाली की घरातली माणसं आपोआप ताठ बसत. धारच्या एका छोट्याशा मंडळीच्या कमिटीचा तो सोळा वर्षं सेक्रेटरी होता आणि तिचे सगळे नियम त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते. मोशेला दहा आज्ञा पुरल्या. अजेयला एकेचाळीस लागले.

"नाना, नियम सात," तो म्हणाला. "दृढीकरण न झालेल्या व्यक्तीने उपासनेत, कीर्तनात वा साक्षीत पुढे उभं राहू नये. हे मी नाही म्हणत, नियम म्हणतो."

"नियम कुणी लिहिला?" ब्याऐंशी वर्षांच्या नानांनी खुर्चीतून विचारलं.

"ते अलाहिदा."

"आणि हे माझं अंगण आहे. तुझी मंडळी नव्हे."

वाद होता तो संध्याकाळी चारच्या कीर्तनाचा. दम लागायला लागल्यापासून नानांना एक अभंग पुरा होत नसे. त्यांनी यंदा जाहीर केलं होतं की कीर्तनाला वल्लरी उभी राहील. घरात गळा तिच्याकडेच होता. पण वल्लरीचं दृढीकरण झालेलं नव्हतं. बाळपणी बाप्तिस्मा आईबाप देतात. पुढे दृढीकरणात मूल स्वतःच्या तोंडाने म्हणतं की हा विश्वास माझा. वल्लरीने पंधराव्या वर्षी पाळकांना तोंडावर सांगितलं होतं, "अजून माझ्याजवळ माझं असं काही नाही. झालं की येईन." आता ती सत्तावीस वर्षांची होती, देवासच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होती, आणि अजून आलेली नव्हती. पीयूषचं दृढीकरण चौदाव्या वर्षीच झालं. त्या दिवशी दुपारचं जेवण हॉटेलात होतं, म्हणून त्याने सगळ्या प्रश्नांना घाईघाईने हो म्हटलं होतं. त्याचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून धारच्या दिवाणखान्यात लावलेलं होतं.

"पीयूष करेल कीर्तन," अजेय म्हणाला. "हिंदीत करेल. नवीन पिढीला कळलं पाहिजे. स्पीकर आणलाय आम्ही."

पीयूषने उत्साहाने मोबाइल स्पीकरला जोडला, डोळे मिटले, हात वर केले. ट्रॅक सुरू झाला. दोन ओळी झाल्या आणि मधेच एका बाईने प्रसन्न आवाजात न्हाणीघरातल्या टाइल्सची जाहिरात सांगितली. पीयूषचे हात वरच राहिले.

कोपऱ्यात तबला जुळवत बसलेल्या खंडोजीने हातोडी थांबवली. खंडोजी हिंदू; सकाळी टेकडीवर देवीचं दर्शन आणि दुपारी थोरातांच्या कीर्तनाला तबला, हा त्याचा चाळीस वर्षांचा परिपाठ. थोरातांचं कीर्तन त्याच्याइतकं मन लावून कुणी थोरातही ऐकत नसे.

"भिया," तो अजेयला म्हणाला, "याच्यात तबला पहिलेच आहे. मग मी काय करू? वारा घालू?"

नाना हसले आणि त्यांना खोकला आला.

खरी अडचण कीर्तनात नव्हती, साक्षीत होती. गोपाळराव ख्रिस्ती झाले, नोकरीला मुकले, पण कीर्तन त्यांना सोडवलं नाही. नमन, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं तसंच ठेवून त्यांनी मधे एक गोष्ट घातली. पूर्वरंग संपला की कीर्तनकाराने स्वतःची साक्ष द्यायची, देवाने आपल्यासाठी काय केलं ते, मग घरातल्या कर्त्याने उठून हार घालायचा, मग उत्तररंग. हार पडला तो घराण्याचा कीर्तनकार, गोपाळरावांच्या शिसवी चिपळ्या त्याच्या. साक्ष स्वतःची हवी, हा त्यांचा दंडक. आणि त्यांच्यामागून आलेल्या प्रत्येकाने साक्ष म्हणून त्यांचाच पूर सांगितला.

"ठीक आहे," अजेय समेटाच्या सुरात म्हणाला. तो समेट करू लागला की समजावं, काहीतरी काढून घेणार. "ती गाऊ दे. साक्ष मी वाचतो, आजोबांची. टाइप करून आणलीय. आणि हार पीयूषला."

"काका," वल्लरी म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दारात तिची आई सुमंगला हातातल्या झाऱ्यासकट थबकली. दोन वर्षांत वल्लरी अजेयशी बोललेला हा पहिला शब्द होता.

"काका, मी उभी राहते. साक्ष मी देईन. खोटी वाटली तर हार पीयूषला घाला, चिपळ्या धारला न्या. मी काही म्हणणार नाही."

"कुणाची साक्ष?"

"माझी."

"तुझी आहे?"

"चार वाजता बघा," वल्लरी म्हणाली आणि बशा उचलून आत गेली.

अजेयने फाइल उघडली. या प्रसंगाला नियम सापडेना. त्याने फाइल बंद केली.

*

दोन वर्षांपूर्वी असंच अजेयने ती फाइल उघडली होती आणि बंद केली होती. तरुण, त्याचा धाकटा भाऊ, धारला आला होता तो अचानक हृदय बंद पडून गेला. कीर्तनात पेटी वाजवावी ती तरुणनेच. पण अकरा वर्षांपूर्वी एका संमेलनात त्याने एकेचाळीस नियमांवर एकेचाळीस कडव्यांचं विडंबन म्हणून दाखवलं, सगळी मंडळी पोट धरून हसली, आणि अजेयने हिशेबाने तेवढेच दिवस अबोला धरला. तेव्हापासून तरुण प्रभुभोजनाला, चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, गेला नाही. नियम तेवीस: सलग तीन वर्षं प्रभुभोजन न घेतलेल्यास कुटुंबाच्या रांगेत जागा नाही. तरुण गेला त्या वर्षीच्या पावसाळ्यात अजेयने हा नियम लावून एका विधवेच्या मुलाला कबरस्तानात भिंतीकडे पाठवलं होतं. चार महिन्यांनी समोर स्वतःचा भाऊ. त्याच्यासाठी नियम वाकवला तर मंडळी काय म्हणेल?

तरुणला बाभळीखाली, भिंतीपाशी ठेवलं. गोपाळरावांच्या रांगेत तीन जागा रिकाम्या होत्या.

मंडळी काहीच म्हणाली नसती, हे अजेयला पहिल्या आठवड्यातच कळलं. ती विधवाच त्याला येऊन म्हणाली होती, "भाईसाब, अपने भाई को तो रहने देते." त्याने तिला नियम दाखवला होता.

*

स्वयंपाकघरात उकडून भाजलेले कणकेचे बाफले तुपात बुडत होते आणि दोन्ही जावा पाठीला पाठ लावून काम करत होत्या. अजेयची बायको उर्वशी दर खेपेला धारकडच्या बाग गावच्या छापाची चादर आणी आणि सुमंगला ती दर खेपेला कपाटात ठेवून देई. दोन वर्षांत अशा चार चादरी झाल्या होत्या. एकही अंथरलेली नव्हती.

"डाळीला फोडणी घालू का?" उर्वशीने विचारलं.

"घाला ना, वहिनी. तुमचंच घर आहे," सुमंगला अशा आवाजात म्हणाली की ते घर उर्वशीचं नाही हे बाफल्यांनाही कळलं.

मोहरी तडतडली. मग सुमंगला वळली. "एक सांगून ठेवते. आज वल्लरीने तेवीस नंबर काढला तर मी तिला थांबवणार नाही. पाहुणे असोत की पाळक असोत."

"थांबवू नकोस," उर्वशी म्हणाली, आणि आपण हे बोललो याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

सुमंगलाने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. थोडं नरमली. "पोर दर महिन्याला जाते हो धारला. बस बदलून. म्हणते, आई, बाबांची जागा इतकी स्वच्छ असते, काटा नसतो एक. चौकीदार भला माणूस दिसतोय. यंदा नाताळात त्याला स्वेटर विणून देणार आहे मी."

उर्वशीच्या हातातला डाव डाळीत गेला.

कारण चौकीदार तिला माहीत होता. तो वर्षभर खाटेवरून उठला नव्हता. पानसुद्धा त्याची सून आणून देई. आणि तिला दुसरंही एक माहीत होतं. दर शनिवारी अजेय 'कमिटीच्या कामाला' जाई आणि परत येई तेव्हा त्याच्या चपलांच्या तळव्यांत बाभळीचे काटे रुतलेले असत. रविवारी सकाळी उपासनेला निघण्याआधी ती ते पिनेने काढी. त्यांच्या गल्लीत बाभूळ नव्हती. कमिटीच्या खोलीत तर नव्हतीच नव्हती. तिने कधी विचारलं नाही. तेहतीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं की ह्यांना चूक कबूल करायला लावायची तर आधी ती चूक नियमात बसवावी लागते.

सांगावं का? जिभेवर आलं होतं. पण सांगितलं तर नवऱ्याची मान खाली, आणि न सांगितलं तर... तिने डाव बाहेर काढला.

"दे," ती म्हणाली. "स्वेटर दे अवश्य. फक्त मोठ्या मापाचा वीण."

"तो तर काडीसारखा आहे म्हणे."

"तरी मोठाच वीण."

*

साडेतीनला नानांनी वल्लरीला आपल्या खोलीत बोलावलं आणि चिपळ्या तिच्या हातात दिल्या. शिसवीच्या, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या.

"वाजव."

तिने वाजवल्या.

"अशी मूठ आवळू नकोस. चिपळी धरायची नसते, सोडत राहायची असते. बोटं मोकळी ठेव, तीच वाजेल."

पुन्हा वाजवल्या. बरं वाजलं. नानांना भीती वाटत होती. ही पोरगी भर कीर्तनात अजेयला सोलून काढील, टाळ्या पडतील, आणि घर कायमचं फुटेल. नाहीतर ही पोरगी त्यांना बरं वाटावं म्हणून काहीतरी गोडगोड रचून सांगेल, आणि ते त्यांना त्या सोलण्याहून वाईट वाटत होतं.

"काय सांगणार आहेस?"

"आधी तुम्ही सांगा, नाना. तुमची साक्ष काय?"

"माझी? अगं, साठ वर्षं..."

"ती पणजोबांची. तुमची?"

साठ वर्षं बाराशे-पंधराशे कीर्तनं केलेला माणूस खिडकीतून बाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. दोरीवर खंडोजीचा सदरा वाळत होता.

"होती गं," शेवटी ते म्हणाले. "तुझी आजी गेली त्या वर्षी होती. पण लहान होती. फार लहान. चार माणसांत सांगितली तर ती म्हणतील, एवढंच? पूर कसा, सांगितला की लोक सरसावून बसतात. म्हणून मी साठ वर्षं दुसऱ्याच्या पुरात पोहत राहिलो." मग हळूच म्हणाले, "ती रात्रभराची गोष्ट मीच वाढवली. बैल मात्र माझे नाहीत."

वल्लरी हसली आणि वाकून तिने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. हे ख्रिस्ती रीतीत बसतं की नाही, यावर अजेयकडे एक नियम होता.

*

चारला अंगण भरलं. शेजारीपाजारी, मंडळीतले लोक, पुढच्या खुर्चीवर पाळक, आणि सोनकच्छहून खास बाफल्यांसाठी आलेल्या तीन मावश्या, ज्यांना कीर्तन म्हणजे जेवणाआधीची रांग वाटे. अजेय पहिल्या ओळीत बसला होता. त्याच्या मांडीवर फाइल, फाइलवर झेंडूचा हार. शेजारी पीयूष, नवा कुडता घालून, हार पडलाच तर फोटो नीट यावा अशा बेताने.

वल्लरी उभी राहिली. सुती साडी, खांद्यावर नानांचं उपरणं, नाकावर चष्मा. नमन झालं. मग तिने गोपाळरावांचाच अभंग घेतला, दर वर्षी पुराकडे जायच्या घाईत उरकला जाणारा:

मूठ माझी बंद, मागे तुझे दान,
कैसे घेऊ सांग, दयाघना.
उघडी ती तूच, बोट एक एक,
माझे बळ देख, उणे पडे.

गळा असा लागला की मावश्यांनी जेवणाची चौकशी थांबवली. मधेच टेकडीवरचा लाउडस्पीकर सुरू झाला. खंडोजीने तिकडच्या ढोलाची लय एक कान देऊन ऐकली, तबल्यावर ती सहज उचलली आणि गाणं तिच्यावरून पुढे नेलं. कुणाचं काही बिघडलं नाही. नानांनी डोळे मिटले होते. गाण्यातून बोललेला उपदेश माणसाच्या आत जातो तसा नुसता बोललेला जात नाही, हे ते जन्मभर सांगत आले होते. आज ते प्रथमच समोर बसून ऐकत होते.

पूर्वरंग संपला. वल्लरीने चिपळ्या खाली केल्या.

"आता साक्ष," ती म्हणाली. अजेयने चष्मा सारखा केला.

"पणजोबांचा पूर तुम्हाला पाठ आहे. यंदा बैलही वाचलेत, सकाळीच कळलं." हशा झाला. पीयूषने हात वर करून दाद घेतली. "मला पूर आला नाही. मी फांदीला लटकले नाही. माझे बाबा गेले आणि त्यांना भिंतीपाशी ठेवलं. ज्यांनी ठेवलं ते समोर बसलेत. त्यांच्या मांडीवर हार आहे."

हशा जागच्या जागी थांबला. पाळकांनी आभाळाकडे पाहिलं.

"त्या दिवसापासून मी रोज सकाळी प्रार्थना करायला लागले. आईला वाटलं, पोरगी सुधारली. मी काय मागत होते ते सांगते. काकांची फाइल हरवू दे. सभेत उभे राहिले की काकांना एकही नियम आठवू नये. एकदा तर... जाऊ दे, पाळक बसलेत. सव्वा वर्ष मागत होते. देवाने एक ऐकली नाही. फाइल तुम्ही बघताच आहात."

मागून कुणीतरी फिसकलं. अजेयने फाइलवर हात ठेवला.

"मी मुलांना प्रयोग शिकवते. प्रयोग फसला की पहिले उपकरण तपासा, असं सांगते. एकदा धारहून परत येताना घाटाबिल्लोदपाशी बस बंद पडली. रस्त्याच्या कडेला उभी होते आणि हाच अभंग डोक्यात फिरत होता. 'उघडी ती तूच.' तेव्हा कळलं, मी सव्वा वर्ष देवाला काकांची मान वाकवायला सांगतेय. माझी मूठ उघड, हे एकदाही म्हटलं नाही. का नाही म्हटलं? कारण ती उघडली तर बाबांच्या बाजूने भांडायला उरेल कोण?"

सुमंगलाने पदर तोंडाशी नेला.

"मग तिथेच म्हटलं, हे माझ्याने होत नाही. खरं सांगू, मला करायचंही नाही. तुझ्यात ताकद असेल तर तू कर. ती माझी पहिली प्रार्थना. त्याआधीच्या सगळ्या तक्रारी होत्या. आणि झालं काय? काही नाही. बस दीड तासाने सुरू झाली, तीही आम्ही ढकलली तेव्हा. पण पुढच्या महिन्यात कुणीतरी काकांचं नाव घेतलं आणि माझे दात आवळले गेले नाहीत. हे मी केलेलं नव्हतं. मला ते येतच नाही. ते एक बोट. मग गणपतीत काकूंचा फोन आला, काकांची शुगर वाढलीय म्हणून. आणि मला आनंद झाला नाही."

या खेपेला हशा मोठा झाला, आणि त्यात उर्वशीही होती.

"ते दुसरं. तीन बोटं अजून बंद आहेत, काका. पाचही उघडली असं सांगितलं असतं तर कीर्तन रंगलं असतं. पण घराचा दंडक आहे. पाणी छातीपर्यंत होतं तर छातीपर्यंतच सांगायचं. माझं एवढंच आहे. पण माझं आहे."

आता हाराची वेळ होती.

अजेय उठला. सवयीने फाइलही उचलली. एका हातात फाइल, एका हातात हार, असा तो तीन पावलं पुढे आला आणि थांबला. पीयूषने मोबाइल बंद केला. साक्ष खोटी वाटली तर हार पीयूषचा, असं ठरलं होतं. अजेयला ती खोटी वाटली असती तर फार सोयीचं झालं असतं.

"तिथे..." तो घसा खाकरून म्हणाला. "भिंतीपाशी सावली असते. दुपारची."

"हो, काका. आणि स्वच्छही असते. चौकीदार झाडतो."

"चौकीदार खाटेवरून उठतो का गं!" बायकांच्या ओळीतून उर्वशीचा आवाज आला. तेहतीस वर्षांत तिने चारचौघांत नवऱ्याच्या बोलण्यात तोंड घातलं नव्हतं. "अहो, सांगा ना तिला, दर शनिवारी तुमच्या चपलेत काटे कुठून येतात. मी पिनेने काढते ते. बाभळीचे."

अजेयच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "कबरस्तानाची देखरेख कमिटीकडे आहे," तो म्हणाला. "तो माझ्या कामाचा भाग आहे."

"सगळ्या कबरींची?" नानांनी खुर्चीतून विचारलं.

अजेयने हार मुठीत सावरला.

"अजेय," नाना म्हणाले. अजेयने लहानपणी शेजारच्या बोरीला दगड मारल्यावर विचारत त्याच आवाजात. "झाडू कुणाचा आहे?"

"झाडू कमिटीचा आहे," अजेय म्हणाला, आणि 'कमिटीचा' या शब्दावर, जो त्याने आयुष्यात दहा हजार वेळा न अडखळता उच्चारला होता, त्याचा आवाज फुटला.

कुणी हसलं नाही. फक्त सुमंगला जावेकडे वळून दबक्या आवाजात म्हणाली, "म्हणून मोठ्या मापाचा होय!" आणि उर्वशीने तिचा हात घट्ट धरला.

वल्लरीने मान पुढे केली. अजेयने हार घातला. तो चष्म्याच्या दांडीत अडकला. एका हातात फाइल, त्यामुळे सोडवता येईना. शेवटी त्याने फाइल खाली, जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी हार सोडवून नीट केला. इतक्या जवळून तिचा आवाज फक्त त्यालाच ऐकू गेला.

"तिसरं हललंय, काका. उघडलं नाही अजून."

अजेयने सभेत मान हलवावी तशी मान हलवली.

"नोंद घेतली," तो म्हणाला, आणि जागेवर जाऊन बसला. फाइल जमिनीवरच राहिली.

खंडोजीने तबल्यावर थाप दिली. वल्लरीने चिपळ्या उचलल्या, बोटं मोकळी ठेवून, आणि उत्तररंग धरला: भर समुद्रात वादळ, नावेत भेदरलेले शिष्य, आणि उशीवर डोकं ठेवून झोपलेला प्रभू. सोनकच्छच्या मावश्या सरसावून बसल्या. पहिल्या ओळीतून पीयूषने राहवेना म्हणून विचारलं, "दीदी, पाणी किती होतं?"

"शास्त्रात लिहिलंय तेवढंच," वल्लरी म्हणाली, आणि सूर लावला.